वेरूळला अख्खा दिवस द्या



दिवाळीच्या सुट्टीचे बेत सध्या घरोघरी चालू आहेत. परवा आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका सहलीचं पत्रक आलं. एका दिवसात देवगिरी किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा आणि पाणचक्की! मी बी.कॉम. झालेली बाई, लगेच हिशेब मांडला. प्रवास आणि जेवण वजा जाता वेरूळच्या वाट्याला जेमतेम दीड तास. म्हणजे कैलास लेण्यासमोर फोटो काढायचा आणि चला, बसा गाडीत.

माझं स्पष्ट मत आहे, असं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं.

वेरूळला ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास म्हणजे १६ वं, मधोमध. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, डोंगर वरून खाली खोदत आणलेलं. ते बघून माणूस थक्क होतो आणि तिथूनच परत फिरतो. जैन लेणी पडली उत्तरेच्या टोकाला, ती राहूनच जातात.

त्यातली ३२ क्रमांकाची इंद्रसभा तरी चुकवू नका. दुमजली लेणं. अंगणात अखंड दगडातलं छोटं मंदिर, शेजारी दगडी हत्ती. वरच्या मजल्यावर छताला भलंमोठं कमळ. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका, आणि ध्यानात इतके बुडालेले बाहुबली की पायांवर वेली चढल्यात. ज्याच्यावरून इंद्रसभा नाव पडलं, तो हत्तीवरचा इंद्र नसून यक्ष आहे, असं अभ्यासक सांगतात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

आता थोडं आपल्या मंडळींनाही बोलते. आपल्या यात्रा डोंगरावरच्या पार्श्वनाथांचं दर्शन घेतात, जैन लेणी बघतात आणि निघतात. दहाव्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या वर दगडाचं छत लाकडी वाशांसारखं कोरलंय, ते बघायला कोणी वळत नाही. तीन धर्मांची लेणी एका डोंगरात शेजारी नांदतात आणि आपण शेजारच्या दारात डोकावायचंही नाही? हे मला पटत नाही.

म्हणून आम्ही चौघींनी त्या सहलीत नाव घातलं नाही. संभाजीनगरला मुक्काम, तिथून वेरूळ साधारण ३० किलोमीटर. पावसाळा नुकताच सरलेला असला की डोंगर अजून हिरवा असतो. सकाळी ताज्या पायांनी आधी जैन लेणी, दुपारनंतर कैलास, कारण ते पश्चिमेकडे तोंड करून आहे, ऊन समोरून येतं. मग बौद्ध लेणी. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा. आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी डबे दोन घ्या, परतेपर्यंत अंधार पडतो.