लहान झाडातील मोठे झाड

कुंडीत वाढवलेले छोटे झाड आणि बोन्साय यांत नेमका फरक कोणता, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दोघांची उंची सारखी असू शकते, कुंडीही तितकीच उथळ असू शकते. पण एक झाड वीतभर असून वीतभरच दिसते. दुसरे तेवढेच असूनही कड्यावर शंभर पावसाळे काढलेल्या वृक्षासारखे भासते. हा भास निर्माण करणे हेच बोन्सायकाराचे खरे काम होय. सपाट कागदावर दूरचा डोंगर उभा करणाऱ्या चित्रकाराशी त्याचे नाते माळ्याइतकेच जवळचे आहे.

भासाचा आरंभ बुंध्यापासून होतो. मातीलगत चहूबाजूंनी पसरलेली मुळे, ज्यांना जपानी लोक नेबारी म्हणतात, झाडाला वयाचे वजन देतात. तिथून खोड वर जाताना क्रमाने निमुळते होत गेले पाहिजे. रूढ प्रमाणे अशी: खोडाच्या जाडीच्या साधारण सहापट उंची, एकतृतीयांश उंचीवर पहिली फांदी, उंचीच्या दोनतृतीयांश लांबीची कुंडी आणि तिची खोली खोडाच्या जाडीइतकी. जाड बुंधा आणि मर्यादित उंची या जोडीमुळे आपण प्रचंड वृक्षाच्या पायथ्याशी उभे आहोत असे डोळ्याला वाटते. शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकवण्यामागेही हेच कारण आहे. महावृक्षाखाली उभे राहिले की तो आपल्यावर ओणवा झाल्यासारखा भासतोच. अर्थात हे आकडे म्हणजे कायद्याची कलमे नव्हेत.

आपल्याला खरी अडचण होते ती तोल समजून घेताना. रांगोळी, तोरण, दिवाणखान्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना ठेवलेल्या सारख्या कुंड्या, या सर्वांनी आपल्या डोळ्याला समानतेची सवय लावली आहे. बोन्साय मात्र विषमभुज त्रिकोणात बसवतात. लांब फांदी उजवीकडे गेली, तर झाड कुंडीच्या मध्यापासून थोडे डावीकडे आणि किंचित मागे लावतात. व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. लांब दांडीच्या टोकाला टांगलेले लहान वजन जवळच्या मोठ्या वजनाला तोलून धरते. तोल साधतो, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात. उलट दोन्ही बाजूंना समोरासमोर सारख्या फांद्या ठेवलेले झाड शिडीसारखे दिसते, आणि त्यातली एक फांदी काढावी लागते.

काढणे हाच या कलेचा कठीण भाग. नवशिक्याला प्रत्येक फांदी मोलाची वाटते आणि तो हिरवळीचा गठ्ठा जपून ठेवतो. फांद्यांच्या थरांमध्ये मोकळी जागा सोडली की त्यातून आकाश दिसते आणि झाड एकदम दूर, उंच होते. बुंजिन नावाची शैली तर या मोकळेपणावरच उभी आहे. तिचे मूळ चिनी पंडितांच्या शाईचित्रांत आहे: सडपातळ, वळणदार खोड, अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत एकही फांदी नाही आणि माथ्यावर मोजकीच पाने. वर दिलेली बहुतेक सारी प्रमाणे ही शैली मोडते, तरीही पाहणारा तिच्यासमोर अधिक वेळ थांबतो.

अनेक झाडांचे वन रचताना आणखी एक विचार येतो. अमेरिकेत जन्मलेले, जपानमध्ये वाढलेले आणि लॉस एंजेलिसमध्ये काम केलेले जॉन नाका यांची ‘गोशिन’ ही जुनिपरची रचना पाहावी. तिच्यात ११ झाडे आहेत, त्यांच्या प्रत्येक नातवंडामागे एक. १९८४ साली त्यांनी ती वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयाला दिली. अशा वनात दोन झाडांतील अंतरे सारखी नसतात, समोरून पाहता एक खोड दुसऱ्याला झाकत नाही, आणि लहान झाडे मागे ठेवली की काही बोटांच्या खोलीत दाट अरण्य भासते.

येथे एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. आपल्याकडे वडाचे बोन्साय पुष्कळ होतात, आणि बहुतेकांना देवदाराचा आकार चढवलेला असतो: सरळ खोड, खाली झुकलेल्या फांद्या. बर्फाचे ओझे वाहणाऱ्या वृक्षाचा हा आकार वडाने का धारण करावा? वड आडवा पसरतो, पारंब्या सोडतो, छत्री धरतो. त्याला तसेच दाखवण्यात कला आहे. जातीची निवडही जपून करावी. पाने छाटल्यावर येणारी नवी पाने लहान निघतात, फळे मात्र लहान होत नाहीत. वीतभर डाळिंबाला पूर्ण आकाराचे फळ लागले की सारा भास क्षणात मोडतो.

वनस्पतीतही जीव मानणाऱ्या आपल्या घरांत बोन्सायविषयी संकोच असतो, आणि तो स्वाभाविक आहे. कापणे आणि तारेने वळवणे हा झाडाच्या वाढीत हस्तक्षेपच आहे. ज्याच्या मनाला तो रुचत नाही त्याने बोन्साय ठेवू नये. मात्र झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, ही समजूत खरी नाही. उपाशी झाड नवी फूट धरत नाही, आणि नवी फूट नसेल तर आकार देणार कशाला? तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी लागते, काही वर्षांनी मुळे छाटून माती बदलावी लागते, पाणी रोज पाहावे लागते. वातानुकूलित दुकानाच्या गल्ल्यावर शोभेसाठी ठेवलेले झाड उन्हावाचून मरते. ती हानी कलेची नव्हे, आपल्या हौसेची.

नीट सांभाळलेले झाड किती जगते याचे उदाहरण त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. १६२५ पासून आकार दिला जात असलेला तो पांढरा पाइन हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. १९४५ च्या अणुस्फोटाच्या वेळी तो भिंतीच्या आड होता, म्हणून वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. तो हिरोशिमाच्या स्फोटातून वाचला आहे हे संग्रहालयाला कळले ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू आजोबांचे झाड पाहायला आले तेव्हा.