चरबीच्या पेशीची बाजू

चरबीची पेशी म्हणजे निव्वळ अपाय, हा समज आता टिकत नाही. पूर्वपेशीची चरबीपेशी व्हायची की नाही, हे मुख्यतः पीपीएआर-गॅमा नावाचे प्रथिन ठरवते. पेशीच्या केंद्रकात ते मेद साठवणारी जनुके जागी करते. सी/ईबीपी-अल्फा हे दुसरे प्रथिन आणि पीपीएआर-गॅमा एकमेकांना बळ देतात आणि निर्णय पक्का होतो. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने पीपीएआर-गॅमा फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींत घातले, तेव्हा त्या मेदाने भरू लागल्या.

पीपीएआर-गॅमाच्या जनुकात विशिष्ट दोष असलेल्यांचे हातपाय सडपातळ दिसतात, पण मधुमेह त्यांना लवकर गाठतो, कारण जागा न मिळालेला मेद यकृतात आणि स्नायूंत शिरतो. उलट पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध याच प्रथिनाला चालना देते; वजन वाढते, तरी इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. मग लठ्ठपणा निर्धोक का? मुळीच नाही. फुगून ताणलेल्या पेशी दाह वाढवतात, आणि या औषधाने अंगात पाणी साठून हृदय निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. तरीही केवळ वजनकाट्यावर आरोग्य तोलणे मला अन्यायाचे वाटते; पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर कमी वजनाच्या नवजात बाळांतही तुलनेने जास्त चरबी दाखवून दिली आहे.