बाणाचं टोक कुणाकडे?

मुलांनो, विज्ञानाच्या वहीतलं अन्नसाखळीचं पान उघडा बरं! आज आपल्या पनवेलजवळचीच साखळी घेऊ. गावाबाहेर भातखाचरं आहेत आणि गोवा महामार्गाने थोडं पुढे गेलं की कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य लागतं. तेव्हा साखळी अशी :

भात → उंदीर → धामण → सर्पगरुड

आणि वह्या तपासताना हमखास काय दिसतं?

सर्पगरुड → धामण → उंदीर → भात

लिहिणाऱ्याचं म्हणणंही सरळ असतं. गरुड धामणीला खातो, मग बाण धामणीकडेच नको का? शिकारी सावजावरच तर बाण सोडतो!

पण हा बाण धनुष्यातला नव्हे. तो 'खातो' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, 'याच्यातली ऊर्जा त्याच्याकडे गेली.' दाणा उंदराच्या पोटात गेला, म्हणून टोक उंदराकडे. पटत नसेल तर भाताच्या आधी सूर्य लिहा. सूर्य भाताला खात नाही, भातही सूर्याला खात नाही. तरी 'सूर्य → भात' हे बरोबरच, कारण उन्हातली ऊर्जा रोपात साठते.

दर बाणाला ही ऊर्जा घटत जाते, बरं का. पुढच्याला मिळतो तो साधारण दहावा हिस्सा. उरलेली हालचालीत, उष्णतेत खर्च होते. म्हणून तर शेतात उंदीर ढीगभर आणि आभाळात गरुड मात्र एखादाच!

बाण नीट वाचता आला की आणखी एक गोष्ट कळते. उंदरांना घातलेलं विषसुद्धा याच वाटेने पुढे जाऊ शकतं. विष खाल्लेला उंदीर धामणीने गिळला, तर तीही मरू शकते. धामण बिनविषारी आणि शेतकऱ्याची मोठी मदतनीस. तरी दिसली की लोक काठी घेऊन धावतात. मग उंदरांना मोकळं रान! (आई-बाबांनो, हे तुम्हीही वाचा.)

वरच्या वर्गांत हाच बाण रसायनशास्त्रात भेटतो :

हायड्रोजन + ऑक्सिजन → पाणी

इथे तो 'यांच्यापासून हे तयार झालं' असं सांगतो. काही क्रिया उलटही फिरतात. त्यांच्यासाठी व्हँट हॉफ या डच शास्त्रज्ञाने १८८४ साली दोन उलटसुलट बाणांचं चिन्ह वापरलं : ⇄

आता गणिताचं. ५ + ३ = ८ + २ = १० असं पुष्कळ जण लिहितात. हे चूक! '=' म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, आणि ५ + ३ म्हणजे काही १० नव्हेत. तुम्हाला म्हणायचं असतं 'आठ आले, मग त्यात दोन मिळवले'. तेव्हा दोन ओळी करा, ५ + ३ = ८ आणि ८ + २ = १०.

संगणकावर बाण हवा असेल, तर विंडोजमध्ये आकड्यांच्या वेगळ्या पट्टीवर ऑल्ट दाबून धरून २६ टाइप करा. → उमटतो.

आता एक कोडं. कर्नाळ्याचा सर्पगरुड म्हातारा होऊन झाडाखाली मरून पडला. त्याला खाणारा मोठा प्राणी कुणीच आला नाही. मग त्याच्यापासून निघणारा बाण कुणाकडे जाईल? आणि तिथून पुन्हा भाताकडे बाण काढता येईल का? वहीत काढून पाहा.