यंत्राची रोजकीर्द

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आपण विद्यार्थ्याला बरेच काही वाचायला शिकवतो. पोथीतले पाठभेद, झिजलेल्या शिलालेखाची अक्षरे, शाई फुटलेले मोडी पत्र. निवेदक कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, त्याला स्वतःला किती ठाऊक आहे आणि तो काय गाळतो आहे, हे प्रश्न विचारण्याची सवय अंगी बाणावी म्हणून दोन वर्षे खर्ची पडतात. आणि मग विभागातला लिनक्सवर चालणारा संगणक एके दिवशी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लावून थांबला, की हाच विद्यार्थी आणि त्याचे हेच प्राध्यापक दोन पावले मागे सरतात. 'हा आपला प्रांत नव्हे' असे म्हणून तंत्रज्ञाला बोलावणे जाते. माझे म्हणणे असे आहे की यंत्र दुरुस्त करण्याचे काम आपले नसेल, पण त्या ओळी वाचण्याचे काम बऱ्याच अंशी आपलेच आहे. आणि ते सोडून दिल्याने होणारे नुकसानही आपलेच असते.

या ओळींना लॉग म्हणतात. शब्द मुळात जहाजावरचा. वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात टाकायचा लाकडी ओंडका म्हणजे लॉग, आणि त्याची मोजमापे जिच्यात उतरवायची ती वही म्हणजे लॉगबुक. आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे रोजकीर्द. रोजकीर्दीचा कारकून त्या दिवशी जे आले-गेले ते आल्या क्रमाने लिहितो. त्यातले पुढे महत्त्वाचे काय ठरणार याची त्याला कल्पना नसते. बखरकाराला ती असते. तो लिहायला बसतो तेव्हा लढाई होऊन गेलेली असते, नायक आणि खलनायक ठरलेले असतात, मागच्या घटना पुढच्या घटनांची चाहूल देऊ लागलेल्या असतात. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा समकालीन पत्रांच्या कसोटीवर बखरींची जी झडती घेतली ती आपण सर्वांनी कधी ना कधी अभ्यासली आहे. लॉग वाचणाऱ्याची नेमकी अडचण हीच, की तो रोजकीर्द हातात घेऊन तीत बखर शोधतो. त्याला कथानक हवे असते, आणि ते मिळाले नाही की सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या ओळीला तो खलनायक ठरवतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. विभागाच्या संगणकावर जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर चालू आहे. एका दुपारी फाइल साठवली जाईना. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' एवढेच उत्तर येते. लगेच निदाने सुरू होतात: कोणी तरी परवानग्या बदलल्या, व्हायरस शिरला, काल ती मुले इथे बसली होती. लॉग उघडला तर फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती ठेवल्याची ओळ खरोखरच सापडते, पण ती सर्वांत शेवटी असते. बिघाड पसरू नये म्हणून प्रणालीने आपणहून लेखणी खाली ठेवली, एवढाच तिचा अर्थ. तिच्या वर फाइल सिस्टिमची तक्रार आहे. तिच्या वर 'आय-ओ एरर', चकतीचे नाव आणि सेक्टरचा लांबलचक आकडा. आणि त्याच्याही वर 'एटीए' या खुणेने सुरू होणाऱ्या काही ओळी आहेत, ज्यांकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण त्या आकड्यांनी भरलेल्या असतात. त्यांतल्या एका ओळीत महिरपी कंसात दोन-चार अक्षरे असतात आणि बहुतेक उलगडा तिथेच असतो. ती अक्षरे 'यूएनसी' असतील, तर चकतीवरचा तो भागच वाचता येईनासा झाला आहे. बाकी सगळे बाजूला ठेवून आधी मजकुराची प्रत दुसरीकडे काढली पाहिजे. तीच 'आयसीआरसी' असतील, तर मजकूर चकती आणि संगणक यांच्या मधल्या वाटेत बिघडला; दोष बहुधा केबलीचा किंवा तिच्या सैल जोडणीचा. एका अक्षरगटाने अर्थ इतका पालटतो. याला आपण पाठभेद म्हणतो आणि त्यावर परीक्षेत प्रश्न विचारतो. इथे मात्र तो भेद न वाचता चकती फॉरमॅट केली जाते, आणि ज्या बाईंनी त्या ओव्या गाऊन दिल्या त्या पुन्हा गायला असतीलच असे नाही.

ओळीत ज्याचे नाव आहे तोच अपराधी, हा दुसरा गैरसमज. अमुक टास्क १२० सेकंदांहून अधिक काळ अडकून पडला आहे, असे लिनक्सचा कर्नल कधी कधी नोंदवतो. (हा कर्नल लष्करातला नव्हे, प्रणालीच्या गाभ्याला दिलेले ते नाव आहे. तरी त्याच्या बोलण्यात थोडा लष्करी खाक्या आहे खरा.) नाव वाचून आपण त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमवर तुटून पडतो. वास्तविक तो बहुधा चकतीच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत ताटकळलेला असतो. तो फिर्यादी आहे, आरोपी नव्हे. गंमत अशी, की याच संदेशाच्या शेपटाशी तो संदेश कसा बंद करावा याची आज्ञा छापलेली असते. रोग तसाच ठेवून कण्हणे थांबवण्याची ती सोय. आणि पुष्कळजण तीच उपचार म्हणून वापरतात. स्मृती संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करतो, तेव्हाही असेच होते. मारली जाते ती मुख्यतः जिने सर्वांत अधिक जागा व्यापली आहे ती. टंचाई तिच्यामुळेच झाली असे त्यावरून सिद्ध होत नाही. जुन्या कर्नलांच्या या नोंदीत 'अथवा अपत्याचा बळी द्या' अशा अर्थाचे शब्द असत. प्रोसेसने जन्माला घातलेली दुसरी प्रोसेस म्हणजे अपत्य, हा संकेत ठाऊक नसणाऱ्याने तो संदेश रात्री एकट्याने वाचू नये.

मग प्रश्न येतो निवेदकाचा. लॉगमध्ये सूत्रधार नाही. छपाईयंत्राचा चालक, नेटवर्कचा चालक, टपाल पोहोचवणारा प्रोग्रॅम, वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्रॅम, असे अनेकजण एकाच वहीत आळीपाळीने लिहितात, आणि प्रत्येकाला आपापल्या खिडकीतून दिसते तेवढेच ठाऊक असते. 'प्रिंटर पेटला आहे' अशा अर्थाची लिनक्समधली ओळ प्रसिद्ध आहे. ती लिहिणाऱ्या चालकाला धूर दिसलेला नसतो. कागद आहे, यंत्र जोडलेले आहे, तरीही ते बिघाडाची खूण दाखवते, एवढेच त्याला कळते. उरलेल्या अज्ञाताला त्याने जुन्या, तापणाऱ्या छपाईयंत्रांच्या काळातली थट्टा चिकटवली आहे. याहून प्रामाणिक निवेदकही त्याच वहीत भेटतो. अनपेक्षित हार्डवेअर-संकेत आला आणि कारण समजले नाही, की कर्नल चक्क कबूल करतो की आपण भांबावलो आहोत, गोंधळलो आहोत, पण काम चालू ठेवायचा प्रयत्न करीत आहोत. अविश्वसनीय निवेदकावर आपण व्याख्याने देतो. विश्वसनीय पण अल्पज्ञ निवेदकाचे इतके स्वच्छ उदाहरण कादंबरीत शोधावे लागेल.

अभिप्रेत वाचकही ध्यानात घ्यायला हवा. या ओळी तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. एका प्रोग्रॅमरने दुसऱ्या प्रोग्रॅमरला, किंवा उद्याच्या स्वतःला, टाकलेली ती चिठ्ठी आहे. आपण दुसऱ्याचे पत्र वाचत आहोत, हे एकदा मान्य केले की त्यातला उद्धटपणा आणि तुटकपणा टोचत नाही. नोंद किती गंभीर, हेही त्या लेखकानेच ठरवलेले असते. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या टपालप्रणालीसाठी सिसलॉगची रीत घातली. तिच्यात शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत, शून्य म्हणजे सर्वनाश आणि सात म्हणजे किरकोळ तपासणी. एखादा लेखक क्षुल्लक गोष्टीला 'एरर' म्हणतो, दुसरा गंभीर गोष्ट 'सूचना' म्हणून सोडून देतो. पत्राच्या मायन्यावरून आपण मजकुराचे वजन ठरवत नाही, तेच इथे.

कालनिर्णयाचे तर विचारूच नका. २००१ साली ज्या दस्तऐवजात सिसलॉगची प्रचलित रीत वर्णिली गेली, त्या रीतीत महिना, तारीख आणि वेळ असते, वर्ष नसते! २००९च्या प्रमाणित मसुद्याने ते आणले, पण जुन्या वळणाच्या नोंदी अजून आढळतात. पेशवाईतील पत्रांवर 'छ' घालून चंद्र आणि महिना तेवढा दिलेला असतो, वर्ष आतल्या पुराव्यावरून काढावे लागते. ज्याने हे एकदा केले आहे त्याला जानेवारीतल्या लॉगमध्ये डिसेंबरची नोंद पाहून दचकण्याचे कारण नाही. कर्नल आपल्या वहीत त्याहून वेगळे करतो. त्याची कालगणना यंत्र सुरू झाल्या क्षणापासूनच्या सेकंदांत चालते. राज्याभिषेक शकच तो, फक्त दर वेळी कळ दाबली की नवा. 'डीमेसेज' ही आज्ञा ते सेकंद आपल्या घड्याळात बदलून देते खरी, पण मध्ये संगणक झोपवून पुन्हा उठवला असेल तर त्या वेळा चुकू शकतात.

येथवर आलेला मराठीप्रेमी वाचक विचारील की मग या ओळी मराठीतच का नसाव्यात? ग्नोम आणि केडीई यांचे मराठीकरण झालेले आहे. खिडक्या आणि मेनू मराठीत येऊ शकतात तर लॉग का नाही? प्रश्न रास्त आहे, पण माझे मत विरुद्ध आहे. बाहेरून आणलेले, विशेषतः खुल्या परवान्याचे नसलेले मॉड्यूल चढवले की कर्नल नोंद करतो की त्या मॉड्यूलने त्याला 'टेन्ट' केले. कोशात पाहून कोणी सहज 'विटाळ' लिहील. शब्द अर्थाला इतका चपखल बसतो की अंगावर काटा यावा: ते मॉड्यूल नंतर काढून टाकले तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ती खूण जात नाही. पण ज्या शब्दाविरुद्ध चोखोबांपासून लढावे लागले तो आपण यंत्राच्या तोंडी घालायचा? शिवाय तो अर्थही चुकीचा. इंग्रजी ओळीचा आशय एवढाच, की या अवस्थेतल्या तक्रारीची जबाबदारी कर्नलचे कर्ते घेतीलच असे नाही. यंत्र नादुरुस्त आहे असे ती म्हणत नाही. नेटवर्क कार्ड 'प्रॉमिस्क्युअस' अवस्थेत गेले, या ओळीचे भाषांतर मी वाचकांच्या कल्पनेवर सोडतो. कार्डाने केवळ दुसऱ्याच्या नावाची पाकिटेही वाचायला घेतलेली असतात. दुसरे असे, की मूळ ओळ ही शोधाची खूण आहे. ती जशीच्या तशी शोधली तरच जगात इतरत्र तोच बिघाड कोणाला झाला होता हे सापडते. भाषांतरित ओळ घेऊन शोधणारा एकटा पडतो. संहिता मूळ ठेवावी आणि मराठीत टीका लिहावी, ही ज्ञानेश्वरीच्या भाषेतल्यांना नवी वाटू नये. सिस्टिमडीच्या लॉगमध्ये मूळ ओळीखाली स्पष्टीकरण जोडण्याची व्यवस्था आहेच, आणि ते स्पष्टीकरण इतर भाषांत देण्याचीही. अशी टीपा-टिप्पणी लिहिणे हे मराठी विभागांना झेपणारे, किंबहुना शोभणारे काम आहे. त्यासाठी विभागात एखादा विज्ञानाचा सहकारी बोलावून त्याच्यासह शंभर ओळी घेऊन बसावे लागेल, इतकेच.

तोवर निदान एक गोष्ट थांबवता येईल. संगणक अडला की 'बंद करून चालू करा' हा सल्ला हमखास मिळतो. कर्नलची ताजी वही मात्र स्मृतीत असते आणि यंत्र बंद होताच पुसली जाते. मागील सत्राचा लॉग नंतर पाहण्याची सोय आहे, पण नोंदी चकतीवर कायम राखण्याची व्यवस्था आधीपासून चालू असली तर; आणि ज्या प्रसंगी चकतीनेच लिहून घेणे नाकारले आहे, त्या प्रसंगाच्या शेवटच्या ओळी तिथेही उतरलेल्या नसतात. जुनी दप्तरे बंबात गेल्याबद्दल हळहळणाऱ्या लोकांनी कळ दाबण्यापूर्वी मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढावे, आणि ते तळाच्या ठळक ओळीचे न काढता, मजकूर वर सरकवत नेऊन जिथून नोंदींचा सूर बदलला तिथले काढावे.