विमानांची जत्रा आणि कष्टकऱ्यांची चूल

फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळूरुच्या उत्तरेस येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर ‘एरो इंडिया’ हे लढाऊ विमानांचे प्रदर्शन भरले. 10 ते 14 फेब्रुवारी असे अवघे पाच दिवस ते चालले. परंतु या पाच दिवसांसाठी त्या परिसरातील मांसविक्रीची दुकाने आणि मांसाहारी खानावळी 23 जानेवारीपासून 17 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे 26 दिवस, बंद ठेवण्याचे फर्मान तत्कालीन बृहत् बेंगळूरु महानगरपालिकेने काढले. 2023 च्या प्रदर्शनाच्या वेळी हीच बंदी 10 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात 22 दिवस लादली गेली होती. 2025 मध्ये त्रिज्या 13 किलोमीटर करण्यात आली. तीन किलोमीटरची ही भर किरकोळ भासते. प्रत्यक्षात बंदीचे क्षेत्र सुमारे 314 चौरस किलोमीटरवरून 531 चौरस किलोमीटरवर गेले.

या फर्मानाचे समर्थक म्हणतील की घरी कोंबडी शिजवण्यास कोणी मनाई केली होती? कागदावर हे खरे आहे. दुकान बंद आणि चूल मात्र मोकळी, असे ते स्वातंत्र्य होते! ज्याच्या दारात मोटार आहे तो वर्तुळाबाहेर जाऊन खरेदी करू शकतो. ज्याच्या घरी मोठे शीतकपाट आहे तो महिन्याची बेगमी करून ठेवू शकतो. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो कोंबडी आणणाऱ्या मजुराला यांपैकी काहीच शक्य नसते. कायद्यापुढे सारे समान या भांडवली सूत्राचा खरा अर्थ येथे स्वयंपाकघरात उघडा पडतो.

येलहंका हे केवळ विमानतळाचे गाव नव्हे. 1984 मध्ये सुरू झालेला रेल्वेचा चाक व आसांचा कारखाना येथेच आहे. त्याच्या भोवती कारखान्यांतील कामगार, बांधकाम मजूर, पहारेकरी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या वस्त्या पसरल्या आहेत. या वस्त्यांत रविवारची कोंबडी एकच, परंतु तिची रूपे अनेक. कन्नड घरात नाचणीच्या मुद्द्याबरोबर कोळी सारू होते, मुस्लिम घरात बिर्याणीला दम दिला जातो, आंध्रातून आलेला मजूर आपल्या झणझणीत मसाल्याची चव सोडत नाही. मराठी कुटुंबांत कोल्हापूरकडच्यांचा तांबडा-पांढरा रस्सा, कोकणच्यांचे कोंबडी-वडे, नागपूरकडच्यांचा सावजी रस्सा. मराठी माणूस या भूमीला नवखा नाही. 1638 मध्ये बेंगळूरु आदिलशाहीच्या हाती पडल्यानंतर ते शहाजीराजांना जहागीर मिळाले, तेव्हापासूनचा हा संबंध आहे. शहरातील ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मांसाहारी खानावळींच्या परंपरेत मराठा कुटुंबांचा मोठा वाटा आहे.

या विविधतेला चैन समजणे हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा गैरसमज आहे. अर्धा किलो कोंबडी पाच-सहा माणसांना पुरवायची तर गृहिणीला सारे कसब पणाला लावावे लागते. हळद-मीठ घालून शिजवलेल्या कोंबडीचे अळणी पाणी लहान मुलाला आणि आजाऱ्याला द्यायचे. उरलेल्या पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा वाढवायचा. कलेजी-पेटा वेगळा परतून भाकरीबरोबर पुरवायचा. रात्री उरलेल्या रश्शात भात कालवायचा. एका पक्ष्यातून चार पदार्थ निघतात ते हौसेपोटी नव्हे, तर मजुरी तुटपुंजी असल्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या कष्टकरी स्त्रियांनी घडवलेले हे अर्थशास्त्र आहे.

आणि त्याची गरज किती तीव्र आहे! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67 टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. प्रथिने आणि शरीरात सहज शोषले जाणारे लोह देणारे मांस अशा देशात गरिबाच्या ताटातून काढून घेणे हा आरोग्यावरचा हल्ला आहे. बेंगळूरुकडे जाताना लागणाऱ्या हेब्बाळ येथील पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी परसात वाढू शकणारी ‘गिरिराज’ ही कोंबडीची जात विकसित केली, ती ग्रामीण गरिबांच्या घरात अंडी आणि मांस पोहोचावे म्हणून. सार्वजनिक पैशाने चालणारे विज्ञान जे ताटात वाढू पाहते, ते शासनाचे फर्मान काढून घेते!

बंदीसाठी पुढे केले जाणारे कारण विमानसुरक्षेचे आहे. उघड्यावर पडलेल्या आतड्यांवर आणि पिसांवर घारी, कावळे जमतात. असा पक्षी विमानावर आदळल्यास वैमानिकाचे आणि खाली राहणाऱ्या जनतेचे प्राण धोक्यात येतात. हा धोका खरा आहे आणि कोणताही जबाबदार कार्यकर्ता त्याची टिंगल करणार नाही. परंतु त्यावरचा उपाय काय? 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळाच्या 10 किलोमीटर परिसरात प्राण्यांची कत्तल करण्यास आणि पक्ष्यांना आकर्षित करणारी घाण टाकण्यास मनाई केली. त्याच नियमाने, पक्षी जमू नयेत अशी पुरेशी व्यवस्था असल्यास, परवानगीची वाटही ठेवली. हा नियम प्रदर्शनापुरता नव्हता, वर्षाच्या 365 दिवसांसाठी होता. येलहंक्याच्या तळावरून विमाने वर्षभर उडतात. मग धोका केवळ परदेशी पाहुणे आले म्हणजेच कसा जागा होतो? उरलेल्या दिवसांत त्या वैमानिकांचे प्राण स्वस्त असतात काय?

खरी गोष्ट अशी आहे की कोंबडीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा पिसे, रक्त, आतडी अशा रूपाने टाकाऊ ठरतो. तो बंद पिंपांत रोजच्या रोज गोळा करणे, प्रक्रिया करून त्याचे खाद्य वा खत बनवणे, झाकलेले आणि पाण्याची सोय असलेले बाजार बांधणे हे नगरपालिकेचे काम आहे. त्याला पैसा लागतो. फर्मानाला फक्त कागद लागतो. शिवाय पक्षी कचऱ्यावर येतात, खानावळीतल्या झाकलेल्या पातेल्यावर नव्हे. आणि शाकाहारी भोजनालयाच्या उघड्या उकिरड्यावरही ते येतातच. तरीही शिजवलेल्या पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालणारे शासन पक्ष्यांचा बंदोबस्त करत नसते, स्वतःच्या नाकर्तेपणाचा भार दुकानदाराच्या, कोंबडी कापणाऱ्या मजुराच्या आणि ग्राहकाच्या डोक्यावर टाकत असते.

हा भार कोणासाठी वाहायचा? 2025 च्या प्रदर्शनात अमेरिकेचे एफ-35 आणि रशियाचे सुखोई-57 ही दोन्ही विमाने आणण्यात आली होती. शस्त्रास्त्रांच्या व्यापाऱ्यांना आपला माल मांडता यावा म्हणून स्थानिक खाटकाने 26 दिवसांच्या कमाईवर पाणी सोडायचे, असा हा सौदा आहे. देशाचे संरक्षण आवश्यक आहे. परंतु बाजारपेठेलाच देशभक्ती म्हणणे हे ढोंग आहे.

महाराष्ट्रातील सभासदांनी हा प्रश्न दूरच्या कर्नाटकातील समजू नये. तेथे सुरक्षेची सबब होती. येथे श्रद्धेची आणि राष्ट्रीय सणाची आहे. 2015 मध्ये पर्युषणाच्या निमित्ताने मुंबईत मांसविक्रीवर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगित केली. दहा वर्षांनी, 2025 च्या स्वातंत्र्यदिनी, कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी पुन्हा दुकाने बंद ठेवण्याचे आदेश काढले. त्याच वर्षी जानेवारीत राज्य शासनाने शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी थांबवला होता. सबबी निरनिराळ्या, परंतु काय खावे हे वरून ठरवण्याची आणि त्याची किंमत गरिबाकडून वसूल करण्याची वृत्ती एकच आहे.

मात्र शासनाविरुद्ध बोट दाखवताना स्वतःच्या घराकडे पाहणे पक्षाच्या सभासदांना टाळता येणार नाही. 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकामात स्त्रिया दररोज सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. याच देशात मांसाहार करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक, तर स्त्रियांचे सुमारे 70 टक्के आहे. श्रद्धा, उपवास यांचा त्यात भाग असेलही. परंतु जी वाटण वाटते तिच्या वाट्याला शेवटी पातेल्याच्या तळचा रस्सा येतो, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? आहारस्वातंत्र्यावर सभेत जोरदार भाषण करून घरी परतणारा आणि तयार ताटावर बसणारा कॉम्रेड अर्धीच लढाई लढत असतो. 1919 मध्ये लेनिनने सार्वजनिक भोजनगृहे आणि शिशुगृहे यांना साम्यवादाचे कोवळे अंकुर म्हटले, ते स्त्रीला चुलीच्या गुलामगिरीतून सोडवण्याच्या संदर्भात. बेंगळूरुत 2017 मध्ये इंदिरा कॅन्टीन सुरू झाल्या, तेव्हा स्वस्त जेवणाचे हे पाऊल स्वागतार्ह होते; पण त्या जेवणात अंडे वा मांस नव्हते. कामगाराची भूक मान्य झाली, त्याची चव आणि गरज नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. विमानतळांच्या परिसरात मांसबाजारासाठी बंदिस्त इमारती आणि वर्षभर चालणारी कचरा-प्रक्रिया उभारावी. अपरिहार्य कारणाने दुकाने बंद ठेवावीच लागली तर ती प्रत्यक्ष गरजेपुरतीच असावीत आणि दुकानदार व मजूर यांना बुडालेल्या दिवसांची पूर्ण भरपाई आगाऊ मिळावी. शिजवलेल्या अन्नाच्या विक्रीवरील बंदी कायमची रद्द व्हावी. शाळांत अंडी आणि सार्वजनिक भोजनगृहांत स्वस्त मांसाहार मिळावा. आणि प्रत्येक सभासदाने रविवारी कांदा चिरण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचे काम वाटून घ्यावे. त्यासाठी कोणत्याही शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

‘एरो इंडिया’ 1996 पासून येलहंक्यात दर दोन वर्षांनी भरत आले आहे. पुढच्या जत्रेआधी वस्त्यावस्त्यांतून दुकानदार, कामगार आणि स्त्रिया एकत्र आल्या, तर 13 किलोमीटरचे वर्तुळ आखणाऱ्यांना त्या वर्तुळात माणसे राहतात याची दखल घ्यावीच लागेल.