गृहप्रपंच : झिपऱ्या कुत्र्याच्या जटा

आमच्या साखरा गांवांत कुत्रें पाळावयाचें म्हणजे तें दाराशीं पडून राहील, भाकरीचा तुकडा खाईल आणि रात्रीं भुंकेल, एवढाच आजवरचा हिशेब होता. त्याच्या केसांची निगा राखावी लागते, ही कल्पना कोणास शिवलीहि नव्हती. परंतु अलीकडे शहरांत बिऱ्हाड केलेल्या मुलांमार्फत ल्हासा अप्सो, पामेरियन अशीं झुबकेदार जनावरें खेडोपाडीं येऊं लागलीं आहेत. ल्हासा अप्सो मूळचा तिबेटांतील; तेथल्या थंडीस साजेसा लांब केसांचा झगा त्याच्या अंगावर. सेनगांव तालुक्याच्या वैशाखांत त्या झग्याचें काय होतें, तें गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं शेजाऱ्यांच्या परसांत पाहिलें.

मुलगा पुण्याहून परदेशीं निघाला, तेव्हां कुत्रा आईबापांकडे सोडून गेला. पहिले दोन महिने कौतुक झालें. मग फणी हरवली, ती हरवलीच. आम्हांस बोलावणें आलें तेव्हां त्याच्या अंगावर केस असे नव्हतेच, एक सलग घोंगडी होती. कानांमागें, बगलांत, शेपटाखालीं सुपारीएवढ्या गांठी. घरांतील मंडळी म्हणाली, "गुरुजी, हा भारी आळशी आहे, जागचा हलत नाहीं."

येथें आमच्या हातून जी चूक झाली ती आधीं सांगून टाकतों. घाण दिसली कीं पाणी ओतावें हा आपला संस्कार. आम्हींच दोन बादल्या ओतल्या. लोकर भिजवून दाबली म्हणजे तिचा बुरणूस होतो, हें साठी उलटलेल्या मास्तरास ठाऊक असावयास नको काय? पाणी सुकलें आणि जटा पूर्वीपेक्षां अधिकच आवळल्या. स्नान जटा निघाल्यावर. आधीं कदापि नाहीं.

मग आजीबाईंची अडचण उभी राहिली. "जट आपोआप आलेली, ती देवीची. कात्री लावूं नका." आम्ही हसलों नाहीं. ह्याच समजुतीपायीं आपल्याकडे कित्येक स्त्रियांनीं डोक्यावर जटेचें ओझें वर्षानुवर्षें वाहिलें आहे, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना एकेकीची समजूत घालून तें उतरवावें लागलें आहे. आम्हीं आजींना महाभारताच्या आरंभींची सरमेची कथा सांगितली. जनमेजयाच्या सत्रांत तिच्या लेकरानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें, तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तेव्हां ती देवशुनी भर सत्रांत येऊन जाब विचारती झाली कीं, निरपराध्यास कां मारलेंत? आजी बराच वेळ कुत्र्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "आपल्या नरसीचे नामदेव कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवले होते. काढा गुरुजी, पण त्याला दुखवूं नका."

दुखवावयाचें नाहीं तर कात्री दूर ठेवावी. जटेबरोबर कातडी ओढली जाऊन वर येते आणि केसांसह कापली जाते. केस कापण्याचें यंत्र, बारीक पात्याचें, कातडीस समांतर धरून जटेखालून हळूहळू चालवावें. पातें तापतें, मधून मधून तें आपल्या मनगटास लावून पाहावें. गांठ लहान व सैल असेल तर तिच्या मुळाशीं केस बोटांनीं घट्ट धरावे, चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावें व टोंकाकडून थोडी थोडी फणीनें सोडवावी. मोठी गांठ सोडवीत बसणें हा मात्र दयेच्या नांवाखालीं छळ होय. जटेखालीं दुर्गंध, ओल किंवा अळ्या आढळल्यास घरीं हात न लावतां पशुवैद्यांकडे न्यावें. जरूर तर ते गुंगीचें औषध देऊन काम करितात. गुरांच्या गोचिडांचें औषध मनानें कुत्र्यास चोळूं नये. आणि चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवून त्याच दिवशीं लस घेण्यास जावें.

आम्हांस तीन सकाळी लागल्या. घोंगडी उतरली तेव्हां खालीं निघाला तो निम्म्या आकाराचा, बरगड्या मोजून घ्याव्या असा प्राणी. दुसऱ्या दिवशीं पुढचा डावा पाय मोकळा झाला. त्याच्या अंगठ्याचें नख वाटोळें वाकून मांसांत रुतलेलें होतें. ज्यास सहा महिने आळशी म्हटलें, तो लंगडा होता. घरधनी कांहीं न बोलतां त्यास मांडीवर घेऊन पशुवैद्यांकडे गेले.

आतां त्याचे केस बोटाच्या पेराएवढे ठेविले आहेत. दर सहा-आठ आठवड्यांनीं यंत्र आणि आठवड्यांतून दोनदां कातडीपर्यंत पोंचेल अशी फणी, एवढ्यावर भागतें. नव्यानें उघड्या पडलेल्या कातडीस ऊन बाधतें, म्हणून आरंभीं त्यास सावलींत ठेविलें. पामेरियन ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं मात्र हा कित्ता गिरवूं नये. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आणि सरसकट भादरल्यास वरचा थर कधीं कधीं नीट येत नाहीं. त्याला विंचरणेंच हवें.

नवी फणी देवघराबाहेरच्या खुंटीला असते. गुरुवारीं व रविवारीं ती आजीच काढतात आणि विंचरतांना त्याच्याशीं बोलतात. आम्ही परसांत पाऊल टाकलें कीं तो अजून बाजेखालीं जातो. दोन बादल्या तो विसरलेला नाहीं.