वानप्रस्थाची जागा

वैशाख आला कीं आमच्या कुटुंबास वानप्रस्थाची ओढ लागते. चिरंजिवांस महाबळेश्वर हवें; मोटारींस मज्जाव म्हणून सूनबाईंस माथेरान; नातवंडांस समुद्र; आणि सौभाग्यवतींस, जेथें नळास पाणी असेल तें कोणतेंहि स्थान. अखेर कोंकणांतील अर्ध्या एकरावर एकमत झालें. घराचें नांव, तुळशीवृंदावनाची दिशा, इतकेंच नव्हे तर माजघरांत कोणीं निजावयाचें, हेंहि ठरलें. तों वकिलांनीं विचारलें, "आपल्यांत शेतकरी कोण?"

१९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच घेतां येते. इतरांस सरकारी परवानगी लागते. आमच्या घरांत शिक्षक तीन, अभियंते दोन, शेतकरी शून्य! वंशवृक्ष धुंडाळतां एकच नांव निघालें: मूळ गांवीं राहून अद्याप भात लावणाऱ्या आमच्या चुलत वहिनी. त्यांस पत्र धाडलें. उत्तर आलें, "भावोजी, नवी जमीन कशाला? येथें तीन खोल्यांना कुलूप आहे, आणि आंबे उतरायला माणूस मिळत नाहीं. सगळे या."

वाचकहो, नव्या घराचें नांव ठरविण्यापूर्वीं जुन्या घराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, एवढें अवश्य विचारावें.